म्हशीच्या तोंडात घातलेला हात

माझा धाकटा भाऊ म्हशी पाळतो आणि मी कॉलेजात विषाणू शिकवते. त्याचं पोट म्हशींवर चालतं, आणि माझं, म्हशींना जे मारतं त्याच्यावर. आमच्या घरात यावरून विनोद व्हायचे. आता होत नाहीत.

गोठा माहेरच्या घरामागं, जुन्या पेठेत. मला दिलं शाहूपुरीत, म्हणजे चालत वीस मिनिटं. रोज संध्याकाळी भाऊ दोन म्हशी घेऊन चौकातल्या दूधकट्ट्यावर जातो, खांबाला बांधतो आणि गिऱ्हाईक येईल तसं पेल्यात धार काढून देतो. पेला थेट आचळाखाली. वर बोटभर फेस, आणि दूध अजून म्हशीच्या अंगाइतकं गरम. दुकान बंद करून घरी निघालेला माणूस गाडीवरून न उतरताच एक पेला रिचवतो, मिशी पुसतो आणि जातो. कट्ट्यावरचं दूध उकळलेलं मागणारा माणूस कोल्हापुरात तरी अजून जन्माला यायचाय. मी सूक्ष्मजीवशास्त्राची बाई. कच्च्या दुधाच्या एका थेंबात काय काय पोहत असू शकतं ते मला पाठ आहे. पण मला शिकवलं ते याच फेसानं, त्यामुळं चौकात मी तोंड मिटून असते. भावजयीला तेवढं सांगते, घरात तरी उकळून प्या. ती "व्हय वन्सं" म्हणते आणि पोरांना गोठ्यातच पेले भरून देते.

लम्पीच्या साथीत मात्र मी तोंड उघडलं होतं. त्या वर्षी गावोगावी गाईबैलांच्या अंगावर गाठी उठत होत्या, कोडोलीच्या आमच्या मावशीचा बैल गेला, आणि शहरातल्या लोकांनी घाबरून कट्ट्यावर येणंच सोडलं. भावाच्या म्हशी ठणठणीत, पण पेले कोरडे. शेवटी तो मलाच चौकात घेऊन गेला. मी वर्गात सांगावं तसं सांगितलं, की विषाणूकडं ठरावीक कुलपाची किल्ली असते. लम्पीची किल्ली गाईबैलांना लागते, म्हशीला क्वचित, माणसाला नाहीच. चावऱ्या माशा, डास, गोचीड यांच्या तोंडावरून तो एका गुराकडून दुसऱ्याकडं जातो, तुमच्या पेल्यातून नाही. तेव्हा प्या बिनधास्त. लोकांनी पुन्हा प्यायला सुरुवात केली. त्या दिवसापासून भावाच्या लेखी मी गुरांच्या डॉक्टरच्याही वरची झाले. म्हैस शिंकली तरी मला फोन. आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

मागच्या ऊसहंगामात एका सकाळी असाच फोन आला. मी डबा भरत होते, साडेआठचं लेक्चर होतं, फोन कान आणि खांद्यात दाबून धरलेला.

"आक्का, थोरली म्हस कालच्यानं खाईना. लाळ गळाय लागलीया नुसती."

"वाडं घातलंस ना?" मी विचारलं. हंगामात उसाच्या शेंड्याचा तो हिरवा पाला, म्हणजे वाडं, सगळ्या गोठ्यांत भारेच्या भारे येऊन पडतं. "त्याचाच तुकडा घशात अडकला असणार. हात घालून बघ."

"डॉक्टरला बोलवू व्हय?"

"बोलव की. पण तो येईपर्यंत बघून तर घे. एवढ्या-तेवढ्याला डॉक्टर कशाला लागतोय!"

झालं. उंटावरून शेळ्या हाकायला मला एक मिनिटही लागलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि निघाले. जनावराला गिळता न येणं आणि लाळ गळणं, ही दोन लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर एकाखाली एक लिहिते. त्यांच्या समोर कंस काढते. कंसाच्या पुढं त्या रोगाचं नाव लिहिते आणि मुलांना सांगते की घशात काहीतरी अडकलंय असं समजून माणसं हात घालतात, आणि तिथंच फसतात. पोरं ते वहीत उतरवून घेतात.

दुपारी चहा घेताना माझ्या लक्षात आलं. कसं आलं ते सांगता येणार नाही. कप हातात होता, समोर सहकारी बाई लेकीच्या लग्नाचं सांगत होत्या, आणि अचानक माझ्या डोळ्यांपुढं माझाच फळा उभा राहिला. मी भावाला फोन लावला. "घातला हुता की हात," तो म्हणाला, "कोपरापातूर. कायबी लागंना." मी तिथूनच रिक्षा केली.

गोठ्यात थोरली म्हैस दावणीला मान ताणून उभी होती. रेकत होती, पण नेहमीसारखं नाही. आवाज घोगरा, मधेच तुटणारा. मागचे पाय लटपटत होते. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. भाऊ शेजारीच उभा राहून तिची पाठ थोपटत होता. मी त्याचा हात ओढून उजेडात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक ओरखडे, वाड्याच्या पात्याचे. उसात राबणाऱ्या कुठल्याही हातावर असतात तसे. त्यातले कितीतरी ताजे होते. मी त्याला तसाच नळाखाली नेला आणि साबण लावून लावून हात धुतला, पंधरा मिनिटं, तो "आगं सोड की, कातडं काढतीस का काय" म्हणत असताना.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी म्हशीला लांबूनच पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुत्रं चावलं होतं?"

"न्हाय," भाऊ म्हणाला.

भावजय पदर सावरत आत गेली. डॉक्टर म्हणाले, मला पिसाळल्याची शंका आहे. दूध बंद करा, लाळेला हात लावू नका, ज्यांनी लावलाय त्यांनी आजच्या आज दवाखान्यात जाऊन सुया घ्या. ती गेली की तिचं डोकं तपासायला पाठवू, म्हणजे कळेल. भावानं मान हलवली. त्या मान हलवण्याला काही अर्थ नाही हे मला तेव्हाच कळलं, आमची सगळी मंडळी अशीच मान हलवतात.

मी स्वयंपाकघरात गेले. भावजय भाकरी थापत होती, परातीतून डोळे वर न काढता. मी नुसती उभी राहिले. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं. दोन महिन्यांमागं चौकातून परत येताना एका कुत्र्यानं थोरलीच्या मागच्या पायाला तोंड घातलं होतं. भावानं हळद-चुना भरला, जखम बरी झाली, आणि "कुणाम्होरं बोलू नगंस" म्हणून तिला बजावलं.

तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. डोकं तपासायचा विषय भावानं काढू दिला नाही. "तपासून काय जित्ती हुणार हाय?" म्हणाला, आणि नदीपलीकडं पाहुण्यांच्या रानात मीठ घालून खोल पुरून आला. त्यामुळं तिला नक्की तेच झालं होतं की नाही, हे कागदावर कुठंच नाही. आजही नाही.

भावजयीला आणि पोरांना मी हाताला धरून दवाखान्यात नेलं. तो मात्र येईना.

"मला काय धाड भरलीया?" तो विचारायचा. "चांगला जेवतोय, झोपतोय."

"जेवतोयस म्हणूनच चल. जेवण बंद झाल्यावर उपयोग नाही."

"पोटात चौदा सुया टोचत्यात."

"ते जुनं झालं. आता दंडात देतात, चार-पाच. तुझ्या लेकीनं घेतली, रडलीसुद्धा नाही."

मग तो खरं काय ते बोलला. "आक्का, तुला कळंना व्हय? मी तिथं लायनीत हुबारलो की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठंत. ह्याची म्हस पिसाळून मेली. मग कोण पेला धरंल माझ्याफुडं? बाऽच्या वक्तापासनंचा कट्टा हाय. बसंल की तो."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं गणित. आणि उरलेल्या एका म्हशीला घेऊन तो रोज संध्याकाळी चौकात जातच होता.

हे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. नवरा म्हणाला, "सकाळपासून तिसऱ्यांदा गॅलरी झाडतेयस. आधी बस." बसले की डोक्यात तो विषाणू चालायला लागायचा. इतरांसारखा तो रक्तातून धावत नाही. ओरखड्यातून मांसात शिरतो, तिथं दम खातो, मग एखाद्या नसेचं टोक सापडलं की तिच्या आतून मेंदूकडं सरकत राहतो. कधी महिना, कधी तीन, कधी वर्षसुद्धा. तोवर माणसाला साधा तापही नसतो. जेवतोय, झोपतोय. मेंदूत पोचला की मग तिथून लाळेत उतरतो, आणि गिळणं बंद पाडायची सोयही तोच करतो, म्हणजे लाळ पोटात न जाता तोंडात साठावी आणि पुढच्याला लागावी. लम्पीसारखं त्याला ठरावीक कुलूप लागत नाही. कुत्रा, मांजर, कोल्हा, म्हैस, माणूस. आईचं दूध प्यालेलं कुणीही त्याला चालतं. मेंदूपाशी पोचायच्या आधी सुई दिली तर माणूस वाचतो. मेंदूत पोचल्यावर जवळजवळ कुणीच नाही.

मी माझाच हात टेबलावर ठेवून वितीनं मोजला. मनगटापासून खांद्यापर्यंत तीन विती, तिथून मानेतून डोक्यापर्यंत आणखी दीड. भावाचा हात माझ्यापेक्षा लांब आहे, म्हणून पाव वीत जास्त धरली. एवढी शिकलेली बाई, आणि वितींवर विश्वास ठेवून बसले होते.

वर्गात त्या आठवड्यात नेमका तोच भाग होता. फळ्यावर कुत्रा काढला, म्हैस काढली, मधे बाण काढला. म्हशीपासून पुढचा बाण काढायला खडू टेकवला आणि हात थांबला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, लक्षणं दिसली की किती दिवस?" मी म्हटलं, पुढच्या तासाला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कधी उत्तर पुढं ढकललं नव्हतं.

रोज सकाळी मी भावजयीला फोन करायचे. चहा घेतला का त्यानं? पाणी पितो का नीट? ती बिचारी आवाज दाबून सांगायची, "प्याला वन्सं, तांब्याभर प्याला." एक दिवस मागून भावाचा आवाज आला, "सांग तिला, आंघोळबी केलीया." मला हसू आलं नाही. राग आला, असा राग की फोन आपटावासा वाटला. माझा जीव टांगणीला लागलेला आणि याला चेष्टा सुचते. त्याच्यावरच्या रागाखाली दुसरा एक राग होता, तो कुणावर होता हे मला माहीत होतं, आणि त्याच्याकडं मी बघत नव्हते.

म्हैस मेल्यापासून पाचव्या दिवशी, संध्याकाळी, मी कट्ट्यावर गेले.

पाच-सहा गिऱ्हाइकं होती. भाऊ उकिडवा बसून दोन्ही गुडघ्यांत पेला धरून धार काढत होता. मला बघून त्यानं मानेनंच "का?" विचारलं. मी लोकांकडं वळले आणि म्हणाले, "जरा थांबा. याची थोरली म्हैस आजारानं मेली. तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार. तिचं कच्चं दूध तुम्ही सगळ्यांनी प्यालंय. दुधातून सहसा होत नाही, पण दवाखान्यात जाऊन विचारून घ्या. आणि यानं, माझ्या भावानं, तिच्या तोंडात हात घातलाय आणि हा सुया घ्यायला तयार नाही. का, तर तुम्हाला कळेल म्हणून. आता कळलं."

पेला भरून वाहायला लागला तरी भावाची बोटं चालूच होती. दूध त्याच्या गुडघ्यावरून पायजम्यावर उतरत होतं.

एकानं हातातला पेला खांबाच्या बुडाशी ओतला. दुसरा म्हणाला, "म्याडम, लम्पीच्या टायमाला तुमीच सांगितलासा की, प्या बिनधास्त." मी म्हटलं, "ते खरं होतं. हेही खरं आहे." एका तरण्यानं मुद्दाम सगळ्यांसमोर पेला संपवला आणि मिशीवर फेस ठेवून म्हणाला, "आमच्या आज्यानं कच्चंच पिलं, नव्वदीला गेला." दोघं गाड्यांना किक मारून निघून गेले.

गर्दीत एक भांड्यांचे दुकानदार होते. आमच्या वडलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, जाडजूड, आवाज चौकभर. ते पुढं आले. मला वाटलं आता शिव्या. त्यांनी भावाच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"ऊठ. बस गाडीवर."

"काका, म्हस..."

"म्हस हितंच ऱ्हातीया, तिला न्हाय दवाखान्यात न्यायाची. तुझ्या बाऽच्या हातचं पिलंय, तुझ्या हातचं पिलंय. आता तुझ्या मातीला यायला सांगतोस व्हय रं मला? चल म्हंतोय न्हवं!"

आणि भाऊ, पाच दिवस मी विनवण्या करून न हललेला माझा भाऊ, पेला खाली ठेवून मुकाट्यानं त्यांच्या मागं बसला. मी भावजयीला फोन करून म्हैस न्यायला सांगितलं आणि रिक्षानं मागं गेले. त्या रात्रीपर्यंत त्याला पहिली सुई मिळाली, ओरखड्यांभोवती टोचायचं औषधही मिळालं. पुढच्या सगळ्या तारखांना काकाच त्याला घेऊन गेले. माझ्याबरोबर तो येत नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. वर्ष उलटून गेलं, भाऊ धडधाकट आहे. कट्टा बसला नाही, पण अर्धा राहिला. उरलेलं दूध डेअरीला जातं. आता उरलेली आणि नवी घेतलेली, दोन्ही म्हशींना कुत्र्याची लस दिलेली असते आणि हे तो न विचारता गिऱ्हाइकाला सांगतो. पुढच्या भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. भाऊबीजेला आला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं, करंज्या खाल्ल्या आणि "येतो" एवढंच म्हणून गेला. चारचौघांत त्याची मूठ उघडली ती मीच ना. आपलेच दात, आपलेच ओठ. लोक मला म्हणतात, तू होतीस म्हणून भाऊ वाचला. काका तर पेठेत सांगत फिरतात, बहीण असावी तर अशी.

म्हणून दवाखान्यातलं जे मी आत्ता गाळलं, ते लिहायला हवं.

खिडकीवरच्या माणसानं उद्या या म्हटल्यावर मी आवाज चढवला होता. मी सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक आहे, मला उद्या म्हणजे काय ते कळतं, वगैरे. त्या आवाजावर आम्हा दोघांना आत घेतलं, काका बाहेर थांबले. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. भावाचा हात उलटसुलट करून ओरखडे बघत त्यांनी विचारलं, "तोंडात हात घातलातच कशाला?"

"अडाकलं आसंल वाटलं, घशात."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी त्याच्या शेजारी उभी होते. केसपेपर माझ्या हातात होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"सांगतंय कोण? माझीच अक्कल," तो म्हणाला.

डॉक्टरांनी सुई भरता भरता मान हलवली. "घरात एवढी शिकलेली बहीण आहे. हात घालायच्या आधी यांना एक फोन करायचा होता."

भाऊ म्हणाला, "व्हय डॉक्टर. चुकलं. कराय पायजे हुता," आणि त्यानं हात पुढं केला.

त्याला कट्ट्यावर सगळ्यांसमोर उघडा पाडायला मला शब्द कमी पडले नव्हते. इथं तिघंच होतो, आणि फक्त दोन शब्द हवे होते. मी केसपेपर धरून उभी राहिले आणि काहीही बोलले नाही.